बुडबुड्यानंतरचं एक मिनिट

"पाय करतोय," असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा बायकोने मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "उजवा की डावा?" या एका विनोदावर आमचे पुढचे तीन आठवडे निघाले. पाय आखडला, पाय ओला झाला, पाय रात्रभर फ्रीजमध्ये होता, अशी वाक्यं घरात रोज कानावर पडायची. लेकाने व्याकरणाची बाजू सांभाळली. दुखतो तो 'पायाला' होतो आणि खातात तो 'पायला' होतो, असा नियम त्याने घालून दिला आणि चुकलं की तो लगेच टोकायचा.

सुरुवात वहिनींमुळे झाली. गेल्या वर्षी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा त्यांनी केळ्याचा क्रीम पाय केला होता. चमचा घातला की खालची पारी कुरकुरत मोडायची, मध्ये थंडगार दाट कस्टर्ड, त्यात केळ्याच्या चकत्या आणि वर बोटभर फेटलेलं क्रीम. कृती विचारली तर म्हणाल्या, "सोपं आहे हो भावजी. पारी भाजायची, कस्टर्ड शिजवायचं, ओतायचं, क्रीम लावायचं." या महिन्याच्या २५ तारखेला दादा-वहिनी आमच्याकडे येणार होते. फोनवर बोलता बोलता मी म्हणून बसलो, "या वेळी पाय माझ्याकडे." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ओव्हनमध्ये पाव गरम करण्यापलीकडे मी आजवर काही केलेलं नाही. हातात चार शनिवार होते: ४, ११, १८ आणि खुद्द २५.

आधी थोडं वाचलं. क्रीम पायचं वेगळेपण असं की त्यातलं सारण ओव्हनमध्ये जातच नाही. पारी रिकामीच पूर्ण भाजून घ्यायची, कस्टर्ड गॅसवर शिजवायचं आणि मग दोघांची गाठ घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. केळं, नारळ, चॉकलेट, व्हॅनिला असे प्रकार कितीही असले तरी पाया हाच. (कोटी ठरवून केलेली नाही.) वाचता वाचता कळलं की बॉस्टन क्रीम पाय म्हणून जो प्रसिद्ध आहे तो पाय नाहीच, तो केक आहे. दोन थरांच्या मध्ये कस्टर्ड आणि वर चॉकलेट. तरी १९९६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यालाच आपला अधिकृत गोड पदार्थ ठरवलं. मला त्या रात्री याचा फार आधार वाटला. केकला पाय म्हणता येत असेल, तर मी जे काही करीन त्यालाही म्हणता येईल.

शनिवार, ४ तारीख. सकाळी साडेनऊला ओट्यापाशी उभा राहिलो. २३ सेंटिमीटरच्या, म्हणजे ९ इंची पॅनसाठी पारीचं प्रमाण असं: १६० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम बिनमिठाचं बटर, अर्धा चहाचा चमचा मीठ, एक मोठा चमचा साखर आणि तीन ते चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. पुढे चारही शनिवारी मी हे प्रमाण बदललं नाही. चुका प्रमाणात नव्हत्याच, त्या माझ्या हातात होत्या.

मी काय केलं? बटर चांगलं तासभर बाहेर ठेवून मऊ केलं. मोहन चोळावं तसं ते पिठात पूर्ण चोळून टाकलं. पाणी अंदाजाने घातलं, जास्तच. मग दहा मिनिटं मळलं. गोळा इतका मऊसूत झाला की बायकोला बोलावून दाखवला. लाटायला घेतला तर दर वेळी तो आतल्या आत ओढला जायचा. लाटणं पुढे गेलं की गोल मोठा, लाटणं उचललं की पुन्हा लहान. मी जिद्दीने ताणून ताणून तो पॅनमध्ये बसवला, काट्याने टोचे मारले आणि २०० अंशांवर ओव्हनमध्ये सरकवला. पंधरा मिनिटांनी काचेतून पाहिलं तर पारीच्या उभ्या भिंती हळूहळू खाली बसत होत्या, गाडीत डुलकी लागलेल्या माणसाच्या मानेसारख्या. बाहेर आली ती बशी. मधोमध फुगवटा असलेली, कडक बशी.

कस्टर्ड मात्र झकास जमलं असं वाटलं. ६०० मिलिलिटर दूध, १२० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोर, चार अंड्यांचा पिवळा बलक, चिमूटभर मीठ, शेवटी ३० ग्रॅम बटर आणि दीड चमचा व्हॅनिला. ढवळता ढवळता मिश्रण दाट झालं तसा मी घाबरून गॅस बंद केला, कारण उकळलं तर अंडं फाटतं हे मी ऐकून होतो. बशीत मावलं तेवढं ओतलं, उरलेलं वाट्यांमध्ये. आता क्रीम. घरात जो डबा होता त्यावर २५ टक्के स्निग्धांश लिहिलं होतं. वीस मिनिटं फेटलं. हात भरून आला, क्रीम होतं तसंच राहिलं. शेवटी ते तसंच वर ओतून, झाकून, फ्रीजमध्ये ठेवलं आणि झोपलो.

रविवारी सकाळी झाकण काढलं. रात्री चमच्यावरून ओघळत नव्हतं ते कस्टर्ड आता पेल्यात ओतता येईल इतकं पातळ झालं होतं. आणि ते आम्ही पेल्यातूनच प्यायलो, तिघंही. चव उत्तम होती. तीही बिघडली असती तर मी तिथेच काढता पाय घेतला असता.

दुपारी वहिनींना फोन केला. खजील होऊन सगळं सांगितलं.

"उकळी आली होती का भावजी?"

"उकळी कशी येऊ देणार? अंडं फाटलं असतं ना."

"तिथेच चुकलं. बुडबुडा फुटला पाहिजे. आणि फुटल्यावरही घड्याळ लावून एक मिनिट ढवळत राहायचं."

"पण अंडं?"

"कॉर्नफ्लोर असल्यावर नाही फाटत. मी सांगते ना."

मग मी कारण शोधत बसलो आणि जे सापडलं ते मला त्या आठवड्यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटली. कच्च्या बलकात अमायलेज नावाचं विकर असतं. पिष्टमय पदार्थाच्या साखळ्या तोडणं हे त्याचं काम. कस्टर्ड दाट होतं ते कॉर्नफ्लोरच्या कणांनी पाणी शोषून फुगल्यामुळे. पण तेवढ्यावर गॅस बंद केला, तर हे विकर जिवंत राहतं आणि रात्रभर फ्रीजमध्ये बसून निवांतपणे ती सगळी वीण उसवतं. सकाळी हातात सूप. ते निकामी करायचं तर मिश्रणाला खरी उकळी यायला हवी. आणि अंडं न फाटण्याचं कारणही कॉर्नफ्लोरच. फुगलेले कण मध्ये असल्यामुळे अंड्यातली प्रथिनं एकमेकांना सहज चिकटून गुठळी धरत नाहीत. कॉर्नफ्लोर नसलेलं नुसत्या अंड्याचं कस्टर्ड मात्र उकळू द्यायचं नाही, तिथे माझी भीती बरोबर होती. म्हणजे मी ऐकलेला नियम खरा होता, फक्त दुसऱ्याच पदार्थाचा होता.

ज्यांना अंडं चालत नाही त्यांना या भानगडीतून सूट आहे. आल्फ्रेड बर्ड या इंग्लंडमधल्या औषधविक्रेत्याने १८३७ च्या सुमारास कॉर्नफ्लोरची कस्टर्ड पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. ती वापरली तर बलक नाही, म्हणून विकराचाही प्रश्न नाही. चव वेगळी लागते, पण पाय उभा राहतो.

शनिवार, ११ तारीख. ठरवलं, आज फक्त पारी. एक नाही, दोन. कस्टर्डला हातसुद्धा लावायचा नाही. नवशिक्याने हे नक्की करावं, कारण चारही कामं एकाच दिवशी शिकायला गेलं की कुठलं कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

या वेळी बटरचे तुकडे फ्रीजमधून थेट पिठात. बोटांच्या टोकांनी भराभर चोळायचं, आणि थांबायचं कधी, तर काही कण रव्यासारखे आणि काही वाटाण्याएवढे राहिले असताना. हे वाटाणेच महत्त्वाचे. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पिठाचे पापुद्रे सुटतात. बटर आधीच वितळून पिठात मुरलं असेल तर पापुद्रे सुटायला जागाच उरत नाही. पाणी चमच्या-चमच्याने. मूठ वळली की गोळा धरून राहतोय, पण दिसायला भेगाळलेला आहे, इतपत पुरे. मळणं शून्य. इथे मला स्वतःच्या हातांना अक्षरशः आवरावं लागलं. इतका ओबडधोबड गोळा समोर आहे आणि आपण तो नीट करायचा नाही, हे मनाला पटत नव्हतं. पण मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणाला येतं आणि भाजताना पारी आखडते. पहिल्या शनिवारची बशी त्याच दहा मिनिटांच्या मळण्यातून निघाली होती.

गोळा चपटा करून, गुंडाळून एक तास फ्रीजमध्ये. मग लाटला आणि जे दिसलं त्याने मी हरखलो. पारीत बटरचे पिवळट पट्टे संगमरवरातल्या रेघांसारखे पसरले होते. आणि ती परत ओढली जात नव्हती. लाटणं जिथे नेलं तिथे निमूटपणे जात होती. थंड पारीचा तळव्याला होणारा स्पर्श, लाटण्याखाली तिचं जरासं चिवट, जरासं मऊ पसरणं, हे सुख कुठल्याच कृतीत लिहिलेलं नव्हतं. पॅनमध्ये ताणायची नाही, नुसती आत सोडायची आणि कोपऱ्यात बोटाने बसवायची. कडा दुमडून चिमटे काढायचे. परत अर्धा तास फ्रीजमध्ये. माझं पॅन धातूचं आहे. काचेचं असेल तर ते फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकू शकतं.

भाजताना पारीवर बेकिंगचा कागद आणि त्यावर वजन म्हणून कोरडी कडधान्यं. पहिल्या पारीत मी अर्ध्यापर्यंतच भरली, तर वरच्या अर्ध्या भिंती पुन्हा घसरल्या. दुसरीत काठोकाठ भरली. भिंती जागच्या हलल्या नाहीत. ही कडधान्यं नंतर शिजवून खाता येत नाहीत, पण बरणीत ठेवून पुन्हा पुन्हा याच कामाला येतात. वजन म्हणून साखर भरली तरी चालते, ती किंचित खमंग होते आणि नंतर वापरताही येते. मी ते अजून केलेलं नाही.

वेळ: वजनासकट २० मिनिटं, मग कागद-वजन काढून आणखी १५. पण दोन्ही पाऱ्या फिकट राहिल्या. ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून पाहिलं, तर बटण २०० वर आणि आतलं तापमान १७५. म्हणजे इतकी वर्षं आमचा ओव्हन थापा मारत होता आणि पावाने कधी तक्रार केली नव्हती. हा छोटा थर्मामीटर घेणार असाल तर सगळ्यात आधी तोच घ्या.

दोन्ही पाऱ्या आम्ही नुसत्याच मोडून खाल्ल्या. घरभर भाजलेल्या बटरचा वास होता, लेक तुकडा घेऊन दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

बुधवार, १५ तारीख. ऑफिसातून आल्यावर अर्ध्या प्रमाणात फक्त कस्टर्ड. ३०० मिलिलिटर दूध, दोन बलक. ही संध्याकाळ मला सगळ्यात जास्त आठवते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

भांडं जाड बुडाचं हवं. एका वाडग्यात साखर, कॉर्नफ्लोर आणि मीठ कोरडंच एकत्र केलं. कॉर्नफ्लोर साखरेत मिसळून घेतलं की गुठळ्या होत नाहीत, हे काम फुकटात होतं. त्यात बलक घालून फेटलं. आधी ते ओल्या वाळूसारखं जड लागतं, मिनिटभराने सैल होतं आणि रंग उजळतो. दूध वेगळं तापवलं, कडेला बारीक फेस येईपर्यंत. आता बलकात एकदम गरम दूध ओतलं तर अंड्याचा रवा होतो, म्हणून आधी पळीभर दूध बारीक धारेने आणि दुसऱ्या हाताने सतत फेटणं. अशा दोन-तीन पळ्या झाल्या की बलक कोमट होतो, मग सगळं परत भांड्यात. धारेला एक हात, फेटायला दुसरा, आणि वाडगा घसरतो. वाडग्याखाली ओलं फडकं ठेवा, घसरत नाही.

मध्यम आच. पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही. दूध दुधासारखंच. वर फेस असतो आणि आपण ढवळतोय. आणि ही पाच मिनिटं मला कंटाळवाणी वाटतील असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. दिवसभरात इतका वेळ मी एकाच गोष्टीकडे बघत नाही. मग फेस विरायला लागतो. ती पहिली खूण. फेटणी जिथून गेली तिथे क्षणभर रेघ राहते. बुडाशी काहीतरी जड लागतं, हाताला कळतं, डोळ्यांना अजून दिसत नाही. इथे एकदम घाईने ढवळायचं, कोपऱ्यांसकट, कारण आता पंधरा-वीस सेकंदांत ते पातळाचं दाट होतं. क्षणभर गुठळ्या दिसल्या, मागच्या वेळी इथेच मी घाबरलो होतो. न थांबता फेटलं आणि त्या विरल्या. आणि मग मधोमध एक बुडबुडा वर आला, जाडजूड, आळशी, आणि 'भुडुक' करून फुटला. मागोमाग दुसरा.

मोबाइलवर साठ सेकंद लावले. आच थोडी कमी. भुडुक, भुडुक. अंगावर उडतं, लांब बाह्या घाला. पंचेचाळिसाव्या सेकंदाला गॅस बंद करायची तीव्र इच्छा झाली, केली नाही. मिनिट झालं, उतरवलं, बटर आणि व्हॅनिला घातलं. बटर विरघळलं तसा कस्टर्डवर असा तुकतुकीत तजेला आला की मी चमचा उलटा करून दिव्याखाली धरून पाहिला. गाळणीतून गाळलं. गाळणीत अंड्याचे दोन-चार पांढरे धागे निघाले, बस. वर प्लास्टिकची पातळ फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवून लावली, नाहीतर गार होताना त्यावर साय धरते.

रात्री अकराला, मग सकाळी सहाला फ्रीज उघडून पाहिलं. चमचा उभा राहिला. विकर मेलं होतं. सकाळी सहाला मी एकटाच ओट्यापाशी उभा राहून अर्धी वाटी संपवली, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवार, १८ तारीख. पहिल्यांदाच सगळं एकत्र. पारी छान, कस्टर्ड छान. केळी पिकलेली पण घट्ट, सालीवर एखाद-दुसरा ठिपका आलेली. तळाला थोडं कस्टर्ड, त्यावर चकत्या, त्यांच्यावर उरलेलं कस्टर्ड. चकत्या पूर्ण झाकल्या गेल्या की त्यांना हवा लागत नाही आणि त्या काळ्या पडत नाहीत. पाच तास फ्रीजमध्ये. मी इतका निर्धास्त झालो की क्रीमकडे दुर्लक्ष झालं.

क्रीम या वेळी ३५ टक्के स्निग्धांशाचं आणलं होतं. साधारण ३० टक्क्यांच्या खाली ते उभंच राहत नाही, पहिल्या शनिवारच्या वीस मिनिटांचं कोडं असं सुटलं. भांडं आणि फेटणी अर्धा तास फ्रीजरमध्ये. २५० मिलिलिटर क्रीम, दोन मोठे चमचे पिठीसाखर. मशीनने तीन मिनिटांत सुंदर मऊ शेंडे उभे राहिले. अजून थोडं घट्ट असावं म्हणून मी मशीन चालू ठेवून लेकाशी बोलायला मान वळवली. परत पाहिलं तर क्रीम खरबरीत दिसत होतं, दहा सेकंदांत पिवळे कण, आणि मग भांड्यात लोणी आणि पांढरं पाणी. लोणी काढणं हे एक काम मी त्या दिवशी कुणी न सांगता अचूक केलं. (कण दिसायला लागले की तिथेच थांबून दोन-तीन चमचे थंड क्रीम हाताने मिसळलं तर बऱ्याचदा सावरतं. लोणी सुटल्यावर मात्र काही उपाय नाही, पावाला लावा.) पाय बिनक्रीमचा खाल्ला. उरलेले दोन तुकडे रविवारी पाहिले तर पारीचा तळ ओला, चामट. दिसायला वरून तांबूस होती, पण खालून नीट भाजलीच नव्हती.

हिशेब असा की आत्तापर्यंत दहा अंड्यांचे बलक गेले होते आणि दहा पांढरे फ्रीजरमध्ये डब्यात साठले होते. पांढरं गोठवून चांगलं टिकतं, डब्यावर संख्या लिहून ठेवा. मी लिहिली नव्हती, बायकोने लिहिली. खाली एक पायाचं चित्रही काढलं, पाच बोटांचं.

शेवटची फेरी मी दोन दिवसांत वाटून घेतली आणि हेच खरं तर पहिल्यापासून करायला हवं होतं. शुक्रवारी रात्री जेवणानंतर पारी. ओव्हनच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, तापलेल्या ट्रेवर, थर्मामीटर २०० दाखवेपर्यंत थांबून. वजनासकट २०, वजनाशिवाय १८ मिनिटं. सोनेरी रंगावर समाधान मानायचं नाही, बदामी व्हायला हवी. गार झाल्यावर ५० ग्रॅम चॉकलेट वितळवून ब्रशने तळाला आणि भिंतींना पातळ थर दिला. हा थर गोठला की कस्टर्डचा ओलावा पारीपर्यंत पोचत नाही. चॉकलेट नको असेल तर गरम पारीला फेटलेलं पांढरं लावून दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये ठेवतात, फरक पडतो असं वाचलं. पारी हवाबंद झाकून बाहेरच ठेवली.

२५ तारीख. सकाळी दहाला कस्टर्ड. बुडबुडा, साठ सेकंद. साडेदहाला भरलेला पाय फ्रीजमध्ये. चार तास ही किमान वेळ, मी साडेसात तास दिले. कस्टर्ड गार होत असताना ते ढवळायचं किंवा हलवून बघायचं नाही, एकदा धरलेली वीण मोडली की परत धरत नाही. हे मला माहीत होतं, तरी दुपारी मी तीनदा फ्रीज उघडला. हात लावला नाही.

संध्याकाळी सहाला क्रीम. या वेळी मशीन मऊ शेंड्यांवर बंद केलं आणि शेवटची वीस-पंचवीस फेटणी हाताने. हाताने फेटताना क्रीमचा आवाज बदलतो, आधी सळसळतं आणि मग आवाज गुदमरल्यासारखा मुका होतो. तिथे थांबायचं. चमच्याच्या पाठीने वर पसरलं, मुद्दाम ओबडधोबड. परत फ्रीजमध्ये. दूध-अंड्याचा पदार्थ आहे, एकूण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू द्यायचा नाही, म्हणून जेवणं होईपर्यंत टेबलावर आणलाच नाही.

साडेनऊला कापला. पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, आणि दर कापानंतर पुन्हा तेच. पहिला तुकडा निघताना मोडतोच, तो स्वतःला घ्या. दुसरा निघाला तो उभा. तळाशी बदामी पापुद्रे, त्यावर चॉकलेटची बारीक काळी रेघ, मग पिवळसर कस्टर्ड आणि त्यात केळ्याच्या गोल चकत्या, वर पांढरं क्रीम. ताटलीत ठेवला, कस्टर्ड जरासं थरथरलं आणि थांबलं. मी ती ताटली वहिनींपुढे ठेवली आणि उगाचच टेबल पुसायला घेतलं.

दादा "वा" म्हणाला, पण दादा सगळ्यालाच "वा" म्हणतो. बायकोने विचारलं, "कुठला पाय घेतलाय वहिनी, उजवा?" वहिनी काही बोलल्या नाहीत. चमच्याने कोपरा मोडला. कुर्र आवाज आला, तो मलाही ऐकू आला. एक घास झाला, दुसरा झाला. मग त्यांनी तुकडा किंचित कलता करून खालून पाहिला.

"तळाला चॉकलेट लावलंत भावजी?"

"हो. ओला पडत होता."

"मी नाही लावत," त्या म्हणाल्या. आणि ताटली पुढे करून, "अजून एक द्या. जरा मोठा."